ऑक्सिमीटर, पहाटे तीनची जाग आणि एकवीस प्रश्न

प्रश्न: मी ३८ वर्षांची आहे, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील कोरोनाने गेले. रेमडेसिविरसाठी भावाने शहर पालथं घातलं, शेवटचं दर्शनही धड झालं नाही. तेव्हा मी रोज कामावर जात होते आणि येताना माहेरी डबा पोचवत होते. संसर्ग माझ्याकडूनच गेला असं आजही वाटतं. साडेदहाला आडवी होते, अकरापर्यंत झोप लागते. पण तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, दम अडकतो. उशाशी ऑक्सिमीटर असतो, तो लावून बघते. ९८-९९ दिसतं, तरी दम लागतच राहतो. पाचनंतर कसाबसा डोळा लागतो, सातला उठते, रविवारी नऊला. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं. दिवसभर डोकं जड, मुलावर उगाच ओरडते, भिशीला जाणं सोडलं. मैत्रिणीने दिलेली अल्प्राझोलामची (घबराट कमी करून झोप आणणारी) अर्धी गोळी आठवड्यातून दोन-तीनदा घेते. कधी वाटतं, झोपावं आणि सकाळी उठूच नये. मिस्टर म्हणतात, "कोरोना कधीच गेला, आता कसलं टेन्शन?" मोबाईलवर २१ प्रश्नांची चाचणी सोडवली. डिप्रेशन २२, अँक्झायटी १८, स्ट्रेस २८ आणि तिन्हींपुढे 'तीव्र'. मला तीन आजार झालेत का? आधी कशावर उपचार घेऊ?

उत्तर:

ताई, बाकी सगळ्याआधी तुमचं एक वाक्य घेऊ. "झोपावं आणि सकाळी उठूच नये." फार थकलेल्या माणसाला असं वाटू शकतं, आणि तुम्ही ते लिहिलंत हे बरं केलंत. पण मन त्याच्या पुढे गेलंय का? कसं, कधी, कोणत्या गोळ्यांनी, असं काही डोक्यात येतं का? आज स्वतःला हे सरळ विचारा. उत्तर 'हो' किंवा 'थोडंफार' असेल तर पुढचं वाचणं राहू द्या. मिस्टरांना आत्ताच सांगा, घरातल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या ताब्यात द्या, एकट्या थांबू नका आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. उत्तर 'नाही' असेल तरी डॉक्टरांसमोर हे वाक्य जसंच्या तसं म्हणा. तुम्ही सोडवलेल्या चाचणीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्नच नाही. नुसते आकडे दाखवलेत तर ही गोष्ट कुणालाच कळणार नाही.

तुमच्या वर्णनावरून ती चाचणी डीएएसएस-२१ आहे. डिप्रेशन, अँक्झायटी, स्ट्रेस यांचे सात-सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि शेवटी बेरजेची दुप्पट. ही दुप्पट करायला पुष्कळ जण विसरतात आणि 'सौम्य' समजून गप्प बसतात. तुमच्या आकड्यांत ती झालेली दिसते. 'तीव्र'चा पट्टा डिप्रेशनसाठी २१ ते २७, अँक्झायटीसाठी १५ ते १९ आणि स्ट्रेससाठी २६ ते ३३ असा आहे, म्हणजे तुम्ही तिन्हींत बसता. पण चाचणी विचारते फक्त गेल्या आठवड्याबद्दल, आणि निदान करणं हे तिचं कामच नाही. तिन्ही आकडे एकदम चढलेले पाहून दचकू नका, ते बहुतेकदा जोडीनेच चढतात. एक रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी चिडचिड होते (स्ट्रेसचे गुण), काही श्रम नसताना ठोके जाणवतात (अँक्झायटीचे गुण) आणि कशातच मन लागत नाही (डिप्रेशनचे गुण). गंमत अशी, की या एकवीस प्रश्नांत झोपेबद्दल एकही प्रश्न नाही. तुमच्याकडे मात्र रोजचा सगळा खेळ झोपेपासूनच सुरू होतो.

पहाटे तीनला काय होतं ते सावकाश पाहू. उत्तररात्री झोप हलकीच असते, थोडी जाग सगळ्यांना येते. तुमची जाग मात्र ठोक्यांकडे लक्ष घेऊन येते. लक्ष गेलं की २०२१ चा एप्रिल आठवतो, शरीर धोक्याच्या तयारीला लागतं आणि श्वास जलद होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो. त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते आणि हवा पुरत नाही असं वाटतं. ऑक्सिजन तेव्हा भरपूर असतो. म्हणून यंत्र ९९ दाखवतं आणि दम लागतच राहतो. यंत्र खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाटक करत नाही. भीतीने बोटं गार पडली असतील, नेलपॉलिश असेल किंवा हात हलला, तर तेच यंत्र ९३ दाखवतं नाहीतर नुसत्या रेघा. मग बोट चोळायचं, परत लावायचं, ९८ दिसलं की हुश्श. ही हुश्शच घातक आहे. यंत्रात पाहिलं म्हणून वाचलो, एवढंच मेंदू त्यातून शिकतो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीनला उठवतो.

पुढे सकाळी जड डोकं, मुलावर ओरडणं, त्याचा पश्चात्ताप, "मी आई म्हणून वाईट, मुलगी म्हणूनही वाईट", मग भिशी नको, कुणी भेटायला नको, रिकामी संध्याकाळ आणि थकून साडेदहाला आडवं होणं. यातला स्ट्रेस कुठे संपला आणि डिप्रेशन कुठे सुरू झालं, याची रेघ कुणालाच मारता येणार नाही.

ॲमस्टरडॅम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनी बोर्सबूम यांनी २०१७ मध्ये 'वर्ल्ड सायकियाट्री' या नियतकालिकात हाच विचार सविस्तर मांडला. आत एक आजार आणि बाहेर त्याची लक्षणं, असं दरवेळी नसतं. लक्षणंच एकमेकांना ओढतात. ओढ पुरेशी घट्ट झाली, की बाहेरचं कारण सरल्यावरही लक्षणांचं हे जाळं आपलं आपण चालू राहतं. काडी विझली म्हणून चूल विझत नाही. मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. कोरोनाच्या काळात अनेक देशांतल्या संशोधकांनी अशी जाळी आखली. ती वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मधोमध कोणतं लक्षण बसतं ते गटागणिक बदलतं, आणि एकदाच घेतलेल्या पाहणीतून कोण कुणाला ओढतंय हे ठरत नाही. तुमचं जाळं तुमच्याच दिवसावरून काढायला हवं, आणि वर आपण तेच केलं.

म्हणून 'आधी कशावर' याचं उत्तर झोप.

तुमचा हिशेब मांडू. पलंगावर साडेआठ तास, प्रत्यक्ष झोप साधारण सहा. उरलेले अडीच तास पलंगावर काळजी करण्याचा सराव होतो. दोन आठवडे पलंगावरचा वेळ साडेसहा तासांवर आणा. रात्री पावणेबाराला आडवं व्हायचं, सकाळी सव्वासहाला उठायचं, रविवारीसुद्धा. तीनला जाग आली आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि काहीतरी कंटाळवाणं करा. जुन्या पावत्या लावा, कपड्यांच्या घड्या करा. मोबाईल नको, आणि घड्याळ नजरेआड ठेवा. पेंग आली की परत पलंगावर. दुपारी डुलकी नको. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत, कारण चहातलं निम्मं कॅफिन पाच तासांनंतरही अंगात असू शकतं. सलग आठवडाभर पलंगावरच्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोप लागली, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या.

हे कुठे फसतं तेही सांगून ठेवते. पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट जाऊ शकतो आणि पुष्कळ जण तिथेच सोडतात. त्या दिवसांत पेंगुळल्या असाल तर गाडी चालवू नका. दुसरी फसगत रविवारी सकाळी: नऊपर्यंत झोपलात की रविवारची रात्र बिघडलीच म्हणून समजा. फिट येण्याचा आजार असेल, किंवा अधूनमधून अति उत्साहाचे, बिनझोपेचे दिवस येत असतील, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

ऑक्सिमीटर फेकू नका. फेकलात तर पुढच्या तीन वाजता मेडिकल कधी उघडतं याचा विचार सुरू होईल. पहिल्या आठवड्यात तो उशापासून उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवा. दुसऱ्या आठवड्यात नियम असा, की बघावंसं वाटलं तर पंधरा मिनिटं थांबून मगच बघायचं. आधी भीती ० ते १० पैकी किती ते कागदावर लिहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लिहा. न बघताही आकडा खाली येतो हे स्वतःच्या अक्षरात दिसायला हवं, कुणी सांगून ते पटत नाही. तिसऱ्या आठवड्यात यंत्र भावाकडे. ताप-खोकला असेल, चढावर खरोखर धाप लागत असेल किंवा छातीतलं दुखणं हातात-जबड्यात जात असेल, तर हे नियम लागू नाहीत. तेव्हा सरळ डॉक्टर.

आणि दम अडकला की सगळे सांगतात तो "मोठ्ठा श्वास घे" हा सल्ला कृपा करून ऐकू नका. श्वास आधीच जास्त होतोय. तोंड मिटून, नाकाने, छोटा आणि सावकाश: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. याचा सराव दिवसा, बरं वाटत असताना करायचा. फक्त तीन वाजताच केलात तर तोही दुसरा ऑक्सिमीटर होईल.

वडिलांबद्दलची बोच. "तुझी काही चूक नाही" असं तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असेल, आणि ते उपयोगी पडलं नाही हे उघड आहे. एका कागदावर, त्या एप्रिलमध्ये वडिलांपर्यंत संसर्ग पोचायला आणि तो जिवावर बेतायला कारणीभूत ठरू शकेल असं सगळं लिहा. दूधवाला, शेजारी, भेटायला आलेले नातलग, लक्षणं नसलेली माणसं, लशीचा तुटवडा, भरलेले बेड, त्यांचं वय, आधीचे आजार, त्या लाटेतला डेल्टा विषाणू. प्रत्येकाला शंभरपैकी वाटा द्या. स्वतःचं नाव सर्वांत शेवटी लिहा आणि उरेल तेवढाच वाटा त्याला द्या. शेजारी आणखी एक रकाना: डबा पोचवताना त्या दिवशी मला काय माहीत होतं. आज माहीत असलेलं त्यात येऊ द्यायचं नाही. हे एका बैठकीत होणार नाही, आणि रात्री तर अजिबात करू नका. संध्याकाळी सहाला वीस मिनिटं, टेबलाशी बसून. दिवसभरातल्या बाकी काळज्याही त्याच वेळेवर ढकला. शोक इतकी वर्षं तसाच ताजा असेल, तर त्यासाठी समुपदेशकाची वेगळी मदत घ्यावी.

भिशीला पुढच्या वेळी जा. उत्साह आल्यावर जाईन म्हणालात तर तो यायचा नाही, तो गेल्यावर येतो. अर्ध्या तासाने उठून यायची मुभा स्वतःला देऊन जा.

आता गोळी. अल्प्राझोलाम अर्ध्या-पाऊण तासात गुण देते, म्हणूनच तिची सवय लवकर लागते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेणं चूक आहेच. शिवाय ती तुमच्या मेंदूला भीती आपोआप उतरते हे शिकू देत नाही. डोस वाढवू नका, दारू किंवा झोप आणणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर घेऊ नका. रोज घ्यायला लागला असाल तर एकदम बंदही करू नका, ती डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतील. किती आणि कधीपासून घेताय ते लिहून न्या.

तिन्ही आकडे 'तीव्र'मध्ये आणि लक्षणं इतकी जुनी, तेव्हा वरचे उपाय एकटीने करून भागणार नाही. मनोविकारतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, सांगली-मिरजेत ती सोय तुमच्या हाताशी आहे. हिमोग्लोबिन आणि बी-१२ राहिलं असेल तर तपासून घ्या. तीन आजारांची तीन औषधं मिळतील ही धास्ती नको. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी औषधं डिप्रेशन आणि अँक्झायटी दोन्हींसाठी वापरतात. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी थोडी वाढू शकते. "औषधाने जास्तच झालं" म्हणून ते याच टप्प्यावर सोडलं जातं. तसं वाटलं तर बंद न करता डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी ते चालू ठेवतात.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांच्यासाठी तीनच कामं. पहाटे तुम्ही "मला काही होणार नाही ना?" विचारलंत तर "काही होत नाही" असं म्हणायचं नाही, कारण तेही यंत्रात पाहण्यासारखंच आहे. "भीती वाटतेय ना, चल, बाहेर बसू" एवढं म्हणून सोबत बसायचं. सकाळी सव्वासहाला तुम्हाला उठवायचं आणि वीस मिनिटं उन्हात चालायला न्यायचं. आणि डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला बरोबर यायचं, कारण चिडचिड किती वाढलीय हे तुमच्यापेक्षा ते नेमकं सांगतील.