वीज केंद्रात कोळशाऐवजी गॅस जाळला तर आपल्यासारख्या उष्ण भागातल्या शहरांची हवा खरंच सुधारते का?

माझं लहानपण विदर्भातल्या एका थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं, बाबा कोल हँडलिंगला होते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की सकाळी आधी चादर झटकायची मग घडी घालायची, हे आमच्याकडे दात घासण्याइतकं रोजचं. त्यामुळे प्रदूषण म्हणजे राख असंच डोक्यात बसलेलं, आणि तेव्हा कुणी हा प्रश्न विचारला असता तर गॅस आणा, राख संपली, विषय संपला असं सांगून मोकळा झालो असतो.

पण जरा हिशोब मांडू. 500 मेगावॅटचा एक संच फुल लोडवर दिवसाला साधारण 8 हजार टन कोळसा खातो. आपल्याकडच्या कोळशात राख 35-40 टक्के, म्हणजे रोज 3 हजार टनांच्या आसपास राख, पण उडणारी राख ईएसपी विजेच्या प्लेटांवर ओढून घेतं आणि ते नीट चालू असेल (हा "असेल" मोठा आहे) तर 99.9 टक्के पकडली जाते, धुरांड्यातून बाहेर जातात दोन-अडीच टन. आता गंधक बघा. ते जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे 40 टन, पण जळताना त्याला ऑक्सिजन चिकटतो आणि वजन दुप्पट होतं, 80 टन सल्फर डायऑक्साइड, रोज, एका संचातून. ईएसपीला वायू पकडता येत नाही, त्यासाठी एफजीडी, म्हणजे धुरातून गंधकाचा वायू काढून घेणारी यंत्रणा लागते, ती नसेल तर सगळा वायू वर.

आणि हा वायू वायू राहत नाही. हवेतल्या अमोनियाबरोबर त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, तेच पीएम 2.5 (फुप्फुसात खोल जाणारी अतिबारीक धूळ) मध्ये मोजले जातात. कोरड्या हवेत याला काही दिवस लागतात, तोवर धूर शेकडो किलोमीटर पुढे गेलेला असतो. दमट हवेत, ढगात हे झपाट्याने होतं, आणि आपल्याकडे दमटपणाची कमी नाही. त्यामुळे केंद्राशेजारच्या मीटरवर सल्फर डायऑक्साइड मर्यादेत दिसतो आणि सगळे खूश.

2015 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने या वायूवर मर्यादा घालणारे नियम काढले, मुदत 2017 ची होती, ती वाढत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली. 10 लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असाल तर मात्र लावायचं. आता 275 मीटरच्या धुरांड्यातला धूर 10 किलोमीटरच्या कितीतरी पुढे जातो, मग ही रेघ कुणी आखली देव जाणे. डहाणूचं 500 मेगावॅटचं केंद्र 2007 पासून समुद्राच्या पाण्याने धूर धुतंय, म्हणजे जमत नाही असं नाही.

तर गॅस. राख शून्य, गंधक जवळपास शून्य, म्हणजे वरचे 80 टन गेले. राहतात नायट्रोजनचे ऑक्साइड, कारण ते इंधनातून नाही तर ज्वाळेच्या तापमानामुळे हवेतूनच तयार होतात, आणि आपल्या कडक उन्हात त्यातूनच ओझोन तयार होतो. बर्नर चांगले असतील तर हेही बरंच कमी होतं. म्हणजे उत्तर हो, सुधारते, फक्त गॅस पाहिजे. उरणचं 672 मेगावॅटचं केंद्र गॅसवरचं, पण पुरेसा गॅस मिळत नाही म्हणून क्षमतेपेक्षा कितीतरी कमी चालतं. मधला मार्ग म्हणजे इंडोनेशियाचा कमी राखेचा कोळसा, ट्रॉम्बेला तो वापरतात, बंदर जवळ आहे म्हणून परवडतं. चंद्रपूरला खाण दाराशी असताना कोण आणणार?

फक्त हवा सुधारली हे तुम्हाला नाकाने कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं, उंच धुरांड्याचा धूर त्या झाकणाच्या वर असतो, खाली कोंडतो तो गाड्यांचा, कचऱ्याचा आणि सिगडीचा. ऊन तापलं की नऊ-दहाच्या सुमारास झाकण मोडतं आणि वरचा धूर खाली येतो. आमच्याकडे सकाळी शाळेच्या वेळेला घसा खवखवायचा तो थर्मलमुळे असं सगळे म्हणायचे, आता वाटतं त्यात कॉलनीबाहेरच्या टपऱ्यांवर पेटणाऱ्या कोळशाच्या सिगड्याच जास्त असाव्यात. तोच कोळसा, पण ना ईएसपी ना धुरांडं, सरळ नाकाच्या उंचीवर. थर्मल उद्या गॅसवर गेलं तरी त्या सिगड्या तशाच पेटणार, त्यांना सिलिंडर कोण देणार ते वेगळं बघावं लागेल.