ऑटोकॅडमध्ये टीकाउंट मारल्यावर प्लॉट नंबर उलटसुलट का पडतात?

भावा, तू विचारलंयस की लेआऊटमधल्या प्लॉटना टीकाउंटनं (सिलेक्ट केलेल्या टेक्स्टना ओळीनं नंबर टाकणारी कमांड) नंबर दिले की १ नंबर भलत्याच कोपऱ्यात जातोय आणि ओळीत मधेच उड्या पडतात, तर सेटिंग कुठलं बदलायचं. सेटिंग काही बिघडलेलं नाही. टेक्स्ट सिलेक्ट केल्यावर कमांड पहिल्यांदा विचारते की क्रम कशावर लावू, एक्सवर, वायवर का सिलेक्ट-ऑर्डरवर, आणि तिथं न वाचता एंटर मारून लोक पुढं जातात. सगळी भानगड त्या एका एंटरमध्ये आहे.

एक्स म्हणजे डावीकडनं उजवीकडं, वाय म्हणजे वरनं खाली. सिलेक्ट-ऑर्डर म्हणजे तू ज्या क्रमानं उचललंस तो क्रम, आणि नुसतं एंटर मारलं की हाच लागतोय. पण तू सगळ्यावर एकच विंडो ओढलीस तर त्यात तुझा क्रम आलाच कुठं? मग ड्रॉइंगच्या आत वस्तू ज्या क्रमानं साठलेल्यात तो लागतोय, आणि बहुतेक वेळा शेवटी काढलेली वस्तू आधी येते. पहिल्या प्लॉटवर टेक्स्ट लिहून तू पुढं पुढं कॉपी करत गेला असशील, म्हणून शेवटच्या प्लॉटला १ नंबर पडलाय. वाय देऊन बघितलंस तर ओळी वरनं खाली येतील पण ओळीतल्या उड्या राहतील, कारण एखादा टेक्स्ट रेषेवर चढत होता म्हणून कुणीतरी केसभर हलवलेला असतोय. डोळ्याला ती एक ओळ दिसते, कमांडला ती प्रत्येक टेक्स्टची वेगळी उंची दिसते.

आता मला जे खरं सांगायचंय ते. प्लॉटचे नंबर एक्सनं पण पडत नसतात आणि वायनं पण नाही. ते रस्त्यानं पडतात. पंगतीत वाढणारा कसा एका बाजूनं वाढत जातोय आणि समोरच्या ओळीनं परत येतोय, तसं. रस्त्याच्या डाव्या हातानं १ ते १२ गेले की टोकाला वळून समोरनं १३ पासनं परत. शेवटी त्या रस्त्यावर माणूस चालणार आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत बघ, पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी, ओळीनं लागलेल्या, बाहेरगावचा पाहुणा पण न विचारता पोचतोय. कुणीतरी आधी डोक्यात क्रम धरला म्हणून ते झालं.

मी ज्या ऑफिसात होतो तिथं कळंब्याच्या बाजूचा एक लेआऊट आला होता. जमीन वाकडी, एका अंगाला ओढा, त्यामुळं शेवटची ओळ तिरकी आणि कोपऱ्यात एक त्रिकोणी तुकडा. मी ट्रेसिंगवर पेननं काम शिकलेला माणूस, मी आधी प्रिंट काढून पेन्सिलनं नंबर टाकले, साहेबांना दाखवले, मग सिलेक्ट-ऑर्डर देऊन एकेक टेक्स्ट क्लिक करत नंबर टाकले. नवीन आलेला इंजिनिअर मागं उभा राहून म्हणाला, तुम्ही अजून क्लिक करत बसता, ऑटोमॅटिक कशाला दिलंय मग. साहेबांनी पण त्याचीच री ओढली की ह्यांचा वेळ ह्यातच जातोय. मला ते लागलं, अजून लागतंय, खोटं कशाला बोलू.

पुढं झालं असं की लेआऊटमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा १० टक्के भरत नव्हती म्हणून २२ नंबरचा प्लॉट त्यात घालावा लागला. त्या इंजिनिअरनं काय केलं, सगळे नंबर परत सिलेक्ट केले आणि टीकाउंट नव्यानं मारला. दोन मिनिटांत काम झालं म्हणून कौतुक पण झालं. पण २२ च्या पुढचा प्रत्येक नंबर एकानं खाली सरकला, आणि प्लॉट विकणाऱ्या शेठनं तोवर जुन्या नकाशावर लोकांकडनं टोकन घेतलेलं. (मंजुरीआधी टोकन घेणंच चूक आहे, पण तो शेठचा विषय.) एक रिटायर झालेले गुरुजी होते, त्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरचा २९ धरला होता. नवीन नकाशात २९ म्हणजे त्याच्या आतला प्लॉट. गुरुजी पावती घेऊन ऑफिसात आले आणि तो इंजिनिअर त्यांना सांगतोय, कॉम्प्युटरनं दिलेत नंबर, चुकणार नाहीत. त्या माणसाची आयुष्याची कमाई होती ती. मी उठून जुनी प्रिंट काढून टेबलावर ठेवली तेव्हा कुठं बोलणं थांबलं.

मंजूर नकाशावरचा नंबर खरेदीपत्रात जातोय, आणि नुसता तुझ्या नाही तर शेजाऱ्याच्या पण, चतुःसीमेत पूर्वेस प्लॉट नं. अमुक, दक्षिणेस ९ मीटर रस्ता असं लिहितात. एक नंबर सरकला तर चार बाजूंचे कागद खोटे पडतात. म्हणून नंबर एकदा बाहेर गेला की टीकाउंट परत मारायचा नाही, हे माझं ठाम मत आहे. प्लॉट गेला तर तो नंबर रिकामा राहू दे, प्लॉट फोडला तर २३अ कर. यादीत मधला एक नंबर नसला म्हणून कुणाचं काही अडत नाही. तिथं पण शेवटी तेच केलं, सगळे नंबर मी हातानं जुन्यावर आणले.

तुझ्यापुरतं सांगायचं तर सगळा लेआऊट एका दमात करू नकोस. एक ओळ घे, एक्स दे, १ पासनं सुरू कर. दुसरी ओळ उलटी येणार असेल तर सिलेक्ट-ऑर्डर देऊन एकेक क्लिक कर, सुरुवातीच्या नंबरात १३ आणि वाढ १ दे. नंबर कुठं टाकायचा विचारेल तिथं ओव्हरराइट दे, नाहीतर जुन्या आकड्याला नवा चिकटेल. त्याआधी ओव्हरकिल (डुप्लिकेट वस्तू काढणारी कमांड) मारून घे, एकाच जागी दोन टेक्स्ट एकावर एक बसलेले असतील तर मधला एक नंबर खाली दबतोय आणि तू तो अख्ख्या नकाशात शोधत बसशील.

टीकाउंट टेक्स्ट आणि एमटेक्स्टवरच (अनेक ओळींचा टेक्स्ट) चालतंय, तुझे नंबर ब्लॉकच्या (वस्तू एकत्र बांधून केलेल्या चिन्हाच्या) अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असतील तर ह्यातलं काही लागू नाही. एलटी (ऑटोकॅडची स्वस्तातली, कमी सोयींची आवृत्ती) वापरत असशील तर ही कमांड सापडणारच नाही, ती एक्सप्रेस टूल्समधली, म्हणजे पूर्ण ऑटोकॅडबरोबर येणाऱ्या जादा कमांडमधली आहे. आणि लिस्पच्या (ऑटोकॅडमध्ये जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) विरोधात मी नाही, ली मॅक नावाच्या प्रोग्रॅमरची नंबरिंगची लिस्प फुकट मिळते आणि चांगली आहे, शेकड्यांनी प्लॉट असतील तर तीच वापर. पण तिथं पण कुठल्या प्लॉटनंतर कुठला हे तूच दाखवायचंयस. जो कुणी म्हणेल की क्लिक करणं म्हणजे वेळ घालवणं, त्याला त्या लेआऊटच्या रस्त्यानं एकदा पायी चालवून आण, मग परत विचार.