‘करदाता’ कोणाला म्हणायचं?

लाखनीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: गावात इन्कम टॅक्स भरणारे मोजकेच. मग रोवणीला जाणाऱ्या बाईला ‘करदाता’ म्हटलं तर भाषेच्या दृष्टीनं चूक का?

चूक नाही. दाता म्हणजे देणारा, आणि ती देतेच. घोळ होतो तो ‘टॅक्स भरणे’ या प्रयोगामुळे. भरणारा आणि देणारा एकच असतो असं नाही. खरं तर भंडारा-चांद्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इंग्रजी अमलात सरकारात पैसा भरायचा मालगुजार, पण तो यायचा कास्तकारानं दिलेल्या लगानातून. मालगुजार आपला वाटा ठेवून उरलेला पैसा पुढे पाठवायचा, आणि कागदावर नाव त्याचंच. 1950 च्या कायद्यानं ही पद्धत गेली. ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) तेवढे उरले. वऱ्हाडात रयतवारी होती, तिथे शेतकरी आपला सारा आपणच भरायचा.

आज जीएसटी भरतो दुकानदार, देतं गिऱ्हाईक. (दुकानदाराला मालगुजार म्हणू नका, तो त्यातला वाटा ठेवत नाही.) शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही हे सगळ्यांना पाठ असतं. पण रासायनिक खतावर 5 टक्के आणि फवारणीच्या रासायनिक औषधावर 18 टक्के जीएसटी कास्तकार देतो, हे कोणी बोलत नाही. नोंदणी असलेला व्यापारी खरेदीवर दिलेला जीएसटी पुढे वजा करून घेतो. कास्तकाराला ती सोय नाही, त्याच्यापाशी येऊन तो कर थांबतो.

नोकरदाराचा तिसरा प्रकार: तो भरतही नाही, त्याचा ‘कापतात’. महाराष्ट्रात 1975 साली व्यवसाय कर आला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. म्हणजे शहरातल्या पगारातून कापलेला पैसा गावात मातीकामाची मजुरी म्हणून पोचला. तेव्हा ‘आमच्या टॅक्सवर तुम्ही जगता’ हे वाक्य ज्यांना सुचतं, ते अर्धं खरं बोलतात. उरलेलं अर्धं ती रोवणीवाली बाई साबणाच्या वडीवर देऊन आलेली असते.

ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सचं मात्र भरणं-देणं एकाच हातून होतं. म्हणूनच बहुधा ‘आम्ही टॅक्स भरतो’ म्हणताना गावात तोच आठवतो.

लिहिताना एवढं पाळा: इन्कम टॅक्सपुरतं बोलायचं असेल तर ‘आयकरदाता’ लिहा. नुसतं ‘करदाता’ लिहिलं तर त्यात ती बाई धरा. स्त्रीलिंगी रूप हवंच असेल तर व्याकरणानं ‘करदात्री’ होतं, ‘करदाती’ नाही. पण ‘ती करदाता आहे’ हेही आता कानाला खटकत नाही.