कॉम्पोझिट शेलवर स्फोटाचा सर्वाधिक दाब स्थिर भार म्हणून लावला तर चालेल का?

कार्बन फायबर-इपॉक्सीच्या (इपॉक्सी राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांच्या) वक्र पॅनेलचं, म्हणजे कॉम्पोझिट शेलचं, गणित सोपं करायला तुम्ही हा मार्ग विचारताय. माझं उत्तर: नाही चालणार. शिवाय यातली चूक सुरक्षित बाजूलाच होईल याचीही खात्री नाही.

स्फोटाची लाट आदळली की दाब क्षणात चढतो, झपाट्याने उतरतो आणि थोडा वेळ वातावरणाच्या दाबाखालीही जातो. स्फोटाचा दाब वेळेनुसार कसा बदलतो हे सांगणारं फ्रीडलँडरचं समीकरण हाच आकार देतं. वातावरणापेक्षा जास्त दाब किती वेळ टिकतो, हे पॅनेलच्या नैसर्गिक आवर्तनकाळाशी (स्वतःहून एक पूर्ण झोका घ्यायला लागणाऱ्या वेळेशी) ताडून पाहा. समजा पहिली वारंवारता २५० हर्ट्झ आहे, म्हणजे आवर्तनकाळ ४ मिलिसेकंद. दाब ०.५ मिलिसेकंदच टिकला, तर त्रिकोणी पल्स धरून रेषीय हिशेबाने विक्षेप (पॅनेल किती वाकतं ते) तेवढ्याच स्थिर भाराखालच्या विक्षेपाच्या जेमतेम ०.४ पट येतो. तोच दाब ४० मिलिसेकंद टिकला तर जवळपास दुप्पट! पहिल्या प्रसंगात खरा कारभार आवेगाचा, म्हणजे दाब-वेळ आलेखाखालच्या क्षेत्रफळाचा. पॅनेल सर्वात जास्त वाकतं तेही साधारण १ मिलिसेकंदाला, दाब ओसरून गेल्यावर. आणि हो, दाब परावर्तित घ्या, म्हणजे लाट पॅनेलवर आपटून परतताना तिथे तयार होणारा. लाट समोरून आदळली तर तो मूळ लाटेच्या दाबाच्या किमान दुप्पट असतो.

आकार वक्र असल्याने आणखी एक भानगड येते. फुगीर बाजूने दाब आला की शेलच्या पृष्ठात दाबबल तयार होतं, आणि उथळ शेल अचानक उलट्या बाजूला पलटू शकतं. म्हणून मोठे विक्षेप धरणारं अरेषीय (विक्षेप भाराच्या प्रमाणातच वाढतो असं न धरणारं) विश्लेषण हवंच.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती थरांमधल्या सांध्याची. तंतूंच्या दिशेने ताणशक्ती दीड-दोन हजार मेगापास्कल, तर जाडीच्या दिशेने पन्नासच्या आसपास. तिथे तंतू नाहीत, नुसता इपॉक्सी आहे. शेजारच्या थरांच्या दिशा ० आणि ९० अंश असतील तर मोकळ्या कडांपाशी आंतरथर ताण (थरांच्या मधले ताण) उसळतात, आणि जखडलेल्या कडेजवळ कातरबल मोठं असतं. डीलॅमिनेशन, म्हणजे थर एकमेकांपासून सुटणं, बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. पॅनेल मधोमध सुटून दोन सारखे थर झाले, तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा एक-चतुर्थांशावर येतो. बाहेरून मात्र काही दिसत नाही, अल्ट्रासॉनिक तपासणीच करावी लागते.

त्यामुळे किर्चहॉफची पातळ शेलची थिअरी इथे अपुरी पडते, कारण ती आडवं कातर विकृतीकरण (जाडीत थर एकमेकांवर सरकल्यासारखी होणारी विकृती) शून्य धरते. एकूण हालचालीसाठी हे कातर साधेपणाने हिशेबात घेणारी फर्स्ट-ऑर्डर शिअर थिअरी पुरते. थर सुटतात का हे पाहायचं असेल तर थरांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट (सांधा कधी सुटतो हे दाखवणारे मॉडेलचे घटक) घाला.

सिम्युलेशन कमाल विक्षेपापाशी थांबवू नका, निदान दोन-तीन आवर्तनं पुढे चालवा. पॅनेल बाहेरच्या बाजूला उसळतं तेव्हाच ऋण दाबाची ओढ जुळून आली, तर आधी दाबले गेलेले थर ताणाखाली येतात. पहिल्या झोक्यात तगलेलं लॅमिनेट (थरांचं पॅनेल) या परतीच्या झोक्यात सुटू शकतं.