वाचकांचे प्रश्न : विंचवाचे बिऱ्हाड विकत घ्यावे का?

प्रश्न : आम्ही सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरात मी, माझे पती आणि सात वर्षांची मुलगी असे तिघे असतो; उन्हाळ्यात नाशिकहून सासू-सासरे येतात. आम्ही शाकाहारी असल्यामुळे सहलीत जेवणाची पंचाईत होते, म्हणून गाडीमागे ओढायची छोटी कॅरॅव्हॅन घ्यावी असे मला वाटते. चार जणांच्या झोपण्याची सोय असलेली, दहा वर्षे जुनी कॅरॅव्हॅन ७,५०० पौंडांना मिळते आहे. सामानासह तिचे कमाल वजन १,२५० किलो असून आमच्या पेट्रोल गाडीचे वजन १,४०० किलो आहे. घरासमोर जागा नसल्याने ती बाहेर ठेवण्याचे महिना ४५ पौंड, विम्याचे वर्षाला १८० आणि सर्व्हिसिंगचे २५० पौंड लागतील. वर्षाकाठी आम्ही पंधराएक रात्री बाहेर राहतो. पतींच्या मते त्यापेक्षा हॉटेल स्वस्त पडेल. आपला सल्ला काय? – एक वाचक, रेडिंग

उत्तर : पैशांपुरते बोलायचे तर आपल्या पतींचे म्हणणे खरे आहे. आपणच कळवलेले आकडे मांडले तर जागेचे भाडे ५४० पौंड, त्यात विमा आणि सर्व्हिसिंग मिळवून वर्षाला ९७० पौंड होतात, म्हणजे पंधरा रात्रींच्या हिशेबाने कॅरॅव्हॅन जागची हलण्याआधीच दर रात्रीचे सुमारे ६५ पौंड खर्ची पडलेले असतात. त्यावर साइटवर म्हणजे कॅरॅव्हॅन-तळावर उभे राहण्याच्या जागेचे, म्हणजे पिचचे, रात्रीचे भाडे समजा ३० पौंड धरले तर आकडा ९५ वर जातो, आणि यात टोबार म्हणजे कॅरॅव्हॅन जोडायचा गाडीमागचा दांडा बसवण्याचा खर्च, ओढताना जास्त जळणारे पेट्रोल किंवा कॅरॅव्हॅनची दरवर्षी उतरणारी किंमत धरलेली नाही. चाळीस रात्री राहणार असाल तर हाच आकडा ५५ च्या आत येतो. तेव्हा चाळीस रात्री कुठून काढणार, याचा विचार आधी करावा. मुलगी शाळेत आहे, त्यामुळे हाती सुट्ट्या आणि शनिवार-रविवार एवढेच उरतात. आणि शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येऊन, कॅरॅव्हॅन ठेवली असेल तिथून जोडून आणून निघण्याचा उत्साह पहिल्या दोन-तीन वेळांनंतर किती टिकतो, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

वजनाचा मुद्दा मात्र पैशांहून गंभीर आहे. कॅरॅव्हॅनचे भारासह वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असे नवशिक्यांना इथे सांगितले जाते. हा कायदा नव्हे, पण शहाणपणाचा सल्ला आहे. आपल्या गाडीला हा हिशेब १,१९० किलोंवर थांबतो आणि आपण पाहिलेली कॅरॅव्हॅन ८९ टक्क्यांवर जाते. कायद्याची मर्यादा पाहायची तर गाडीवरची वजनांची पट्टी शोधावी: तिच्यावरचा पहिला आकडा भरलेल्या गाडीचे कमाल वजन सांगतो, तर दुसरा गाडी आणि मागचा भार यांचे मिळून कमाल वजन सांगतो. दुसरा आकडाच नसेल तर ती गाडी काहीही ओढण्यासाठी नाही, असे समजावे. काही हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत ग्राहकाला हे टोबार बसवायला गेल्यावर कळते.

कॅरॅव्हॅनमध्ये सामान किती भरता येते, याचाही अंदाज आधी येत नाही. रिकामे वजन आणि कमाल वजन यांत छोट्या कॅरॅव्हॅनमध्ये जेमतेम दीडशे किलोंचा फरक असतो, आणि बॅटरी, पुढचा तंबू म्हणजे ऑनिंग, खुर्च्या आणि साइटवर कॅरॅव्हॅन जागेवर सरकवायची मोटर एवढ्यातच त्यातला मोठा वाटा संपतो. उरलेल्यात आपले तांदूळ, पीठ, कुकर आणि पाण्याचा पिंप. हे जड सामान चाकांच्या आसाजवळ, आतल्या तळाशी ठेवावे लागते. वरच्या कपाटांत किंवा मागच्या टोकाला भरले तर वेगात कॅरॅव्हॅन नागमोडी डोलू लागते. तसे झाल्यास घाबरून ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे. कॅरॅव्हॅन ओढताना दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ६० मैल ही मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य असते. लायसन्सची अडचण येणार नाही, कारण १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये गाडीच्या साध्या लायसन्सवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

आता स्वयंपाकाकडे वळतो, कारण आपली मूळ इच्छा तिथून आलेली आहे. सकाळी लेक डिस्ट्रिक्टच्या एखाद्या शेतातल्या पाच कॅरॅव्हॅनांच्या छोट्या साइटवर, बाहेर रिमझिम पडत असताना आत पोह्यांवर लिंबू पिळण्याचे सुख मी नाकारणार नाही. आम्ही कॅरॅव्हॅन इतकी वर्षे ठेवली ती त्याच सुखापायी. पण आमच्या पहिल्याच सहलीत कुकरच्या चार शिट्ट्या आणि मोहरीची फोडणी एवढ्याने खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ गाद्यांपर्यंत आले, आणि हिंगाचा वास पडद्यांत पुढच्या सहलीपर्यंत टिकला. छताची खिडकी उघडी ठेवूनच शिजवावे. शेगडी ऑनिंगमध्ये नेलीत तर तिथेही हवा खेळती हवी, आणि कोळशाची शेगडी तर विझत आली असली तरी आत आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय साइटवरची वीज पुष्कळदा १० अँपिअरचीच, म्हणजे सुमारे २,३०० वॅटची असते. किटली आणि हीटर एकदम लावले की अंधार होतो.

सासू-सासऱ्यांचेही पाहायला हवे. पाच माणसे आणि चार बिछाने, तेही समोरासमोरच्या बाकांच्या मध्ये फळ्या ओढून, गाद्या कोड्यासारख्या जुळवून रोज रात्री तयार करायचे आणि सकाळी मोडायचे. रात्री आजोबांना उठावे लागले तर कोणाच्या तरी पायथ्याशी अडखळत कपाटाएवढ्या शौचकूपापर्यंत जावे लागते, आणि त्याची टाकी सकाळी कोणी रिकामी करायची हा प्रश्न घरात एकदा निघतोच. शिवाय कॅरॅव्हॅन चालू असताना तिच्यात कोणालाही बसता येत नाही, म्हणजे पाचही जण गाडीतच.

माझे मत असे : ही कॅरॅव्हॅन घेऊ नये, आणि दुसरीही एवढ्यात घेऊ नये. मेच्या आठवडाभराच्या सुट्टीत आपल्या गाडीला झेपेल अशी एक भाड्याने घ्यावी, टोबार मात्र आधी बसवावा लागेल, आणि पावसाचा अंदाज असला तरी बेत रद्द करू नये. परतल्यावरही हौस शाबूत असेल तर कमाल १,१९० किलोंच्या आतली शोधावी. जुनी पाहताना पुढच्या खिडकीखालचे कोपरे अंगठ्याने दाबून पाहावेत. भिंत स्पंजासारखी दबली तर आतले लाकूड ओलीने गेलेले असते. ओल मोजणारे यंत्र २० टक्क्यांच्या वर आकडा दाखवत असेल तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी सौदा सोडावा. टायरवरचा चार आकड्यांचा शिक्काही वाचावा : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी टायरला सहा-सात वर्षे झाली असतील, तर त्यांच्या बदलीचा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करून मगच बोलणी सुरू करावीत.