घरपोच सेवा सुरू करताय? आधी आशाताईंना भेटा

ताई, चोपड्याकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांसाठी घरपोच सेवा सुरू करताय, फार बरं वाटलं. पण डॉक्टर शोधण्याआधी गावच्या आशाताईंकडे जा. कुणाचा मुलगा सुरतेला, कुणाची आजी खाटेवरून उठत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. मग उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोला. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवायला त्यांची मदत होते.

प्रत्येक घरी एकच वही ठेवा. बीपी, शुगर, चालू गोळ्या, पुढची तारीख. जो जाईल त्याने त्यातच लिहायचं. माझ्या मते करारनाम्यापेक्षा ही वही मोलाची.

खाटेवरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पडून पडून जखमा होतात. टाचा, खुबे, माकडहाड कपडा बाजूला करून बघा. लालसर दिसलं की लगेच नर्सबाईंना कळवा. घरच्यांना हे करून दाखवा, नुसतं सांगून जमत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल त्यांच्या अंगातलं पाणी अशा उन्हात लवकर कमी होतं, त्यांच्याकडे आधी जा. डोस मात्र डॉक्टरच बदलतील.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या. या सरकारी कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात, पण रुग्णालयात भरती झाल्यावर. घरभेटींचा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळा धरा.