२४०० च्या रॅमसोबत ३२०० ची रॅम चालेल का?

सोलापुरातल्या दुकानात २४०० ची रॅम मिळेना, ३२०० चीच मिळते, असं तुम्ही म्हणता. बिनधास्त घ्या, फक्त दोन्ही डीडीआर४ (म्हणजे रॅमची पिढी) हव्यात. डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. जोर लावू नका. वेग मात्र दोन्हींचा २४०० च राहील, कारण मदरबोर्ड संथ रॅमला धरून चालतो. म्हणून महागडी ३६०० ची घेणं म्हणजे पैसे वाया. आठला आठ जीबीच जोडा, म्हणजे पूर्ण ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी डेटा) मिळतो.

रॅमचे चार स्लॉट असतील तर पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. बोर्डाचं मॅन्युअल बघाच. बायोसमधलं (मदरबोर्डच्या सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद ठेवा, मिश्र जोडीत बहुतेक गडबड तिथूनच होते. पहिल्यांदा स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, घाईने बटण दाबू नका. तरीही डिस्प्ले आला नाही, तर प्लग काढून पट्ट्यांचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसा (आपल्याकडची धूळ!) आणि एकेक पट्टी लावून तपासा.

सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये रॅमचा वेग १२०० दिसला तर घाबरू नका, तो अर्धा आकडा असतो. शेवटी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही एरर आली, तरी पट्टी बदलून घ्या.